स्टेशन झालं की येते

११ जानेवारी

अहो आई,

नमस्कार. आजपासून फोन बंद, पत्र सुरू. परवा मी विचारलं, "गुडघा कसा आहे?" आणि तुम्ही म्हणालात, "कालच बदलला, आता छान उजेड पडतो." ठमी हसून हसून गादीवरून खाली पडली. कानाचं यंत्र तुम्ही लावणार नाही, हे मला माहीत आहे. मग निदान लिहिते तरी. प्रेसमध्ये एकतीस वर्षं प्रुफं तपासलेल्या बाईला पत्र लिहायचं म्हणजे परीक्षेलाच बसणं. चुका काढा, पण उत्तर द्या.

आमचं ठीक चाललंय. वसाहतीत अजून निम्मी घरं रिकामी आहेत, त्यामुळे शांतता भरपूर. स्टेशनचे खांब उभे राहिलेत, बाल्कनीतून स्पष्ट दिसतात. जूनमध्ये गाडी सुरू होणार असं वसाहतीच्या कचेरीबाहेरच्या फलकावर लिहिलंय. तुमचा मुलगा हे घर बघायला आला तेव्हा याच बाल्कनीच्या जागी, नुसत्या सिमेंटच्या कठड्याला टेकून म्हणाला होता, "आई गाडीत बसली की पस्तीस मिनिटांत इथे." मी अजून तेच मोजत असते.

लॅबमध्ये कवळ्यांचं काम वाढलंय. दिवसभर लोकांचं हसू घासत बसते आणि घरी आल्यावर ठमी म्हणते, तू हसत का नाहीस.

या ना एकदा. किल्ली मिळून दीड वर्ष झालं, तुम्ही अजून घर पाहिलेलं नाही.

तुमची,
सून

*

२० जानेवारी

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. पत्रात दोनच चुका सापडल्या, त्याही वेलांटीच्या. सोडून दिल्या.

यायचं मनात आहे. पण तीन बसा बदलायच्या, त्यातली मधली वेळेवर येईल याची खात्री नाही, आणि माझे गुडघे हे असे. (बदललेले नाहीत.) स्टेशन झालं की येते. जून काही लांब नाही. एका गाडीत बसायचं, खिडकी धरायची आणि उतरायचं. तो मला तसंच सांगून गेलाय, तर तसंच येते.

ठमीला म्हणावं, आजीच्या कपाटातला तिचा खण तसाच आहे.

तू सकाळी किती वाजता निघतेस आणि कशी जातेस, ते लिहिलं नाहीस. माणूस नेमकं महत्त्वाचं तेच गाळतो, हे मला धंद्याने शिकवलंय.

आई

*

८ मार्च

अहो आई,

उत्तराला उशीर झाला. आधी वाईट बातमी. जून गेला. पुलाच्या पायाखालची जमीन भुसभुशीत निघाली म्हणून आराखडा नव्याने करणार आहेत. नवी तारीख दिलेली नाही, फलकावरचा 'जून' तेवढा पांढऱ्या रंगाने पुसलाय.

त्याबरोबर इथलं सगळंच थांबलं. सात इमारतींपैकी तीन झाल्या, चौथीचा सांगाडा उभा आहे, बाकीच्यांचे नुसते खड्डे. शाळेची इमारत रंगवून तयार आहे, पण मुलं पुरेशी नाहीत म्हणून कुलूप. खालच्या बारा दुकानांपैकी एक उघडं आहे, त्यात साबण, वह्या आणि बल्ब मिळतात. बस दिवसातून तीनदा येते.

मी कशी जाते, ते विचारलं होतंत. समोरच्या इमारतीत एक लिफ्ट दुरुस्त करणारे राहतात. सातही इमारतींच्या लिफ्टचं काम मिळेल म्हणून ते इथे आले आणि तीनच लिफ्ट हाताशी राहिल्या. म्हणून आता शहरात कामाला जातात. त्यांच्याकडे व्हॅन आहे. पावणेसातला आम्ही सहा जण त्यांच्याबरोबर निघतो. ठमीला वाटेत तिच्या शाळेपाशी सोडतात. चांगले गृहस्थ आहेत.

तुम्ही काळजी करू नका.

तुमची,
सून

आजी, मी ठमी. लिफ्टकाकांनी आम्हाला गच्चीवरची लिफ्टची खोली दाखवली. तिथे मोठ्ठं चाक आहे आणि ते फिरलं की माणसं वर जातात. आईला भीती वाटली म्हणून त्यांनी तिचा हात धरला. मला नाही वाटली.

*

२ एप्रिल

सूनबाई,

रविवारच्या पेपरात छोट्या जाहिराती वाचायची माझी जुनी खोड. त्यात हे सापडलं: 'नियोजित स्टेशनपासून चालत चार मिनिटं, तिसरा मजला, पश्चिमेला बालकनी, घर विकणे आहे.' 'बाल्कनी' चुकीचं छापलंय. बाकी सगळं तुझ्या घराशी जुळतं.

घर तुझं आहे. निर्णय तुझा. पण मला पेपरातून कळावं, इतकी मी लांब गेले का? त्या घरासाठी तो दोन वर्षं शनिवारीसुद्धा कामाला जात होता आणि त्यात एक दिवस राहायला मिळालं नाही त्याला. तिथे जाऊन कुणीतरी परका आपला पलंग लावेल, हे वाचून मी पेपर घडी करून ठेवला. परत उघडला नाही.

सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं नसतं.

आई

*

९ एप्रिल

अहो आई,

ते घर आपलं नाही! आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात एक शिक्षक जोडपं राहतं, त्यांची बदली झाली. त्यांची बाल्कनीही पश्चिमेलाच. बघायला अकरा कुटुंबं येऊन गेली. सगळी आधी बाल्कनीत जातात आणि विचारतात, "स्टेशन कुठंय?" शिक्षक खांबांकडे बोट दाखवतात. पाहुणे पाणी पितात आणि जातात. काल त्या बाई माझ्याकडे येऊन रडल्या. म्हणाल्या, "घर विकत घेतलं की खांब विकत घेतले, तेच कळेना."

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. 'इतकी मी लांब गेले का' हे वाक्य डोक्यातून जात नाही. अहो आई, मी घर विकणार असते तर तुमच्या दारात येऊन बसले असते. पेपरात नसते गेले.

पण खोटं कशाला बोलू, सोडून जायचा विचार आला होता. लॅबचे मालक म्हणाले, जवळ कुठेतरी भाड्याने बघा, लवकर येता येईल. मी व्हॅनमध्ये तसं बोलून गेले. लिफ्टवाल्यांनी समोरचा आरसा उगाच दोनदा नीट केला. मग "तुम्ही गेलात तर गाडीत एक जागा रिकामी होईल," असं ते म्हणाले. गाडीत सहा जण असतात, एक कमी झाला तर पाय पसरता येतील, असं मी म्हटलं. त्यावर कुणीच हसलं नाही.

राग गेला असेल तर लिहा. नसेल गेला तरी लिहा.

तुमची,
सून

*

१८ एप्रिल

प्रिय सूनबाई,

राग गेला. मी घाई केली. जाहिरात वाचून माणसाबद्दल मत बनवायचं नसतं, हे माझ्या वयाला तरी कळायला हवं. त्या शिक्षिकाबाईंना माझा नमस्कार सांग.

एक दिसलं, म्हणून लिहिते. विचारत नाहीये. मार्चच्या पत्रात लिफ्टवाल्यांबद्दल 'ते राहतात', 'ते आले' असं होतं. या पत्रात एका ठिकाणी 'तो म्हणाला' लिहून तू खोडलंयस आणि वर 'ते म्हणाले' केलंयस. शाई जाड झालीय तिथे. एकतीस वर्षं मी खोडलेल्या शब्दांवर पोट भरलं. खोडलेला शब्द मला लिहिलेल्यापेक्षा आधी दिसतो.

स्टेशनचं काही कळलं का?

आई

*

२ जुलै

अहो आई,

अडीच महिने मी तुम्हाला लिहिलं नाही. रोज कागद काढत होते. ठमी म्हणायची, "आजीला इतकी मोठी चूक सापडली का?"

आज सगळं लिहिते. मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही, म्हणून एका दमात.

फेब्रुवारीत लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत मी एकटी. तो खाली आला, फटीतून म्हणाला, "चाळीस मिनिटं लागतील, बोलत राहा, म्हणजे घाबरायला होणार नाही." काय बोलू, म्हटलं. तर म्हणाला, "घरी कोण कोण असतं?" मी सांगितलं की ठमी आणि मी, आणि तिचे बाबा दोन वर्षांपूर्वी कचेरीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. सगळे यावर विचारतात, "कसे गेले?" त्याने विचारलं, "कसे होते?" अहो आई, दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हे विचारलं. मी त्या लोखंडी पेटीत बसून चाळीस मिनिटं तुमच्या मुलाबद्दल बोलले. तो शिट्टी वाजवायचा आणि सूर कसा चुकायचा, तेसुद्धा. लिफ्ट सुरू झाली तेव्हा मला बाहेर यायचं नव्हतं.

मे महिन्यात त्याने मला विचारलं. लग्नाचं. मी म्हटलं, "आईंना सांगितल्याशिवाय काही बोलणार नाही, आणि हे पत्रात सांगण्यासारखं नाही. त्या इथे आल्या की सांगेन. त्या स्टेशन झालं की येणार आहेत." तो म्हणाला, "म्हणजे माझं लग्न रेल्वेच्या हातात." हसला, पण त्याचं तोंड उतरलं होतं.

आणि आता खरं ते सांगते. स्टेशन लांबलं की सगळी वसाहत हळहळायची आणि मला आतून सुटल्यासारखं वाटायचं. तुम्ही येणार नाही, मला सांगावं लागणार नाही. शेजारच्या बाई माझ्यापुढे रडत होत्या तेव्हाही मनात हेच होतं. लाज वाटते मला त्याची.

परवा बैठक झाली. रेल्वेचे दोन साहेब आले होते. आणखी पाच वर्षं, तीही 'किमान'. लोक ओरडले, खुर्च्या आपटल्या. मी मात्र मनात मोजत बसले. पाच वर्षं तुमच्यापासून लपवून राहायचं, हे मला जमणार नाही.

तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही म्हणेन. रागावून नाही, खरंच.

तुमची,
सून

*

९ जुलै

प्रिय सूनबाई,

तू खरं लिहिलंस, आता माझं ऐक.

मी येऊन गेले.

जूनच्या चौदा तारखेला. तुझं पत्र येईना, माझ्या त्या खोडलेल्या शब्दावरच्या शेऱ्याने तू दुखावलीस असं वाटायला लागलं. म्हटलं, समोरासमोर माफी मागावी. तीन बसा बदलल्या. मधलीही वेळेवर आली. गुडघ्यांनी कुरकूर केली नाही. दुपारी एकला मी तुमच्या फाटकाशी उभी होते. तू कामावर असणार, हे मला ठाऊक होतं. तुझ्या शेजारणीकडे बसेन, असा विचार.

तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. बाल्कनीत ठमीचा निळा फ्रॉक वाळत होता. आणि पाय उचलेना. जवळजवळ दोन वर्षं मी बसला, गुडघ्यांना, रेल्वेला बोल लावत होते. त्यांचा काही दोष नव्हता ग. मी तिथे जाऊन बेल वाजवणार आणि दार तो उघडणार नाही, एवढंच होतं सगळं. माझ्या घरी बसून मला वाटतं, तो तिकडे नव्या घरी आहे. कामात असतो, म्हणून येत नाही. एकदा ते घर पाहिलं की मग तो कुठेच नसेल. तुला स्टेशनच्या आड लपायचं होतं, मलाही तेच.

मी बसथांब्यावर जाऊन बसले. परतीची बस आलीच नाही. एक माणूस समोरून व्हॅन घेऊन आला, थांबला, उतरला. गाडीत अवजारांची पेटी; तुमच्याच एका लिफ्टच्या कामासाठी शहरातून दुपारी परत आला असावा. "आजी, दोनची बस आज रद्द आहे. मुख्य रस्त्यापर्यंत सोडू?" मी ओळखलं. मी कोण, ते सांगितलं नाही. त्याने मला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला, पाण्याची बाटली हातात दिली. मला ऐकू कमी येतं हे दोन वाक्यांत त्याच्या ध्यानात आलं. ओरडला नाही. माझ्याकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सुटा बोलला. लोक ओरडतात ना, त्याने माणूस आणखी बहिरा होतो.

मी विचारलं, "तुमच्या लिफ्टा मध्येच बंद पडतात का हो?" म्हणाला, "एकदाच पडली. तेव्हापासून माझं बरं चाललंय." मी विचारलं, "घरी कोण असतं?" त्याने गाडी बाजूला घेतली. मग म्हणाला, "कुणी नाही. म्हणजे आहेत, पण अजून तसं म्हणता येत नाही."

मला बसमध्ये बसवून, बस सुटेपर्यंत तो तिथेच उभा होता.

आता माझी भीती. ती तुझ्यापेक्षा निराळी आहे. तू लग्न कर. मी नाही कशाला म्हणेन? तू पस्तिशीची, आणि तो चांगला आहे, मी बाजूला बसून पाहिलाय. पण तू त्याची झालीस की मी तुझी कोण? मुलाच्या नात्याने सासू. मुलगा नाही, आणि आता तेही नातं दुसऱ्या घराचं होणार. ठमीची आजी राहीन, ते कुणी काढून घेत नाही. तुझी कोण, ते मला सापडत नाही. शब्द शोधायची मला सवय आहे. हा सापडत नाही.

आई

*

१५ जुलै

अहो आई,

तुमचं पत्र मी लॅबमध्ये वाचलं. समोर साचा उघडा होता, प्लास्टर तसंच घट्ट झालं, कवळी फुकट गेली. मालकांनी पाणी आणून दिलं. माझं तोंड पाहिलं असेल.

तुम्ही फाटकापाशी होतात आणि मी शहरात दुसऱ्यांचे दात घासत होते!

त्याला सांगितलं. तो मटकन खुर्चीत बसला. म्हणाला, "त्या आजी? मी त्या दिवशी तुला म्हटलं नव्हतं का, एक बाई भेटल्या, त्यांनी लिफ्टबद्दल असं विचारलं की मला वाटलं सरकारी तपासणीला आल्यात." मग लगेच घाबरला. "गाडी मळलेली होती. मागच्या सीटवर तारा पडल्या होत्या. काय वाटलं असेल त्यांना!" तासभर तो हेच बोलत होता.

आता तुमचा प्रश्न. मी तुमच्यासारखी शब्दांतली नाही. पण एक सांगते. बाळंतपणात आईचं माहेरपण मला मिळालं नाही, कारण मला आई नव्हती. ठमी रात्रंदिवस रडायची तेव्हा तुम्ही मला झोपायला पाठवून तिला मांडीवर घेऊन प्रुफं तपासलीत. तेव्हा तुम्ही माझ्या नवऱ्याची आई म्हणून ते केलंत का? मी तर तसं कधी धरलं नाही. मी तुम्हाला 'अहो आई' म्हणते ते सासू म्हणून सुरू झालं असेल, पण आता दुसरं कुणी 'आई' म्हणायला मला नाहीच. लग्न केलं म्हणून माणूस आपली आई बदलतो का?

आणि तुमचा मुलगा इथे नाही असं नाही. तो इथे राहिला नाही, हे खरं. पण या घरात त्याच्याबद्दल रोज बोलणं होतं. लिफ्टवाला विचारतो, ठमी सांगते. निम्मं ती बनवून सांगते, कारण तिला सगळं आठवत नाही. ते दुरुस्त करायला कुणीतरी हवंय.

सोबत एक अर्ज पाठवतेय. वसाहतीतल्या लोकांनी रेल्वेला आणि बसवाल्यांना द्यायचा म्हणून लिहिलाय, खाली घरवार रहिवाशांची यादी आहे. घाईत लिहिलाय. तुम्ही तपासून द्याल का?

तुमची,
सून

*

२२ जुलै

प्रिय सूनबाई,

अर्ज तपासला. शुद्धलेखनाच्या त्रेचाळीस चुका. 'विनंती' तीन प्रकारे लिहिलंय, त्यातला एकही प्रकार बरोबर नाही. कुणी लिहिलाय, विचारत नाही. लिफ्टवाल्याचं अक्षर मी पाहिलेलं नाही.

शिवाय मांडणी बदलली. पहिली दोन पानं नुसती स्टेशन, स्टेशन, स्टेशन. ते उचलून शेवटी टाकलं, चार ओळींत. वर काय घेतलं, तर रोज दहा बसा हव्यात, आणि शाळेचं कुलूप काढा, आहेत तितक्या मुलांवर सुरू करा. पाच वर्षं वाट बघणाऱ्यांना आधी आजचं मागू दे. ठमी चौथीत आहे, तिची पाचवी स्टेशनसाठी थांबणार नाही.

यादीत तुझ्या घरापुढे 'रहिवासी: दोन' असं होतं. खोडून 'चार' केलंय. चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. तुझं नि त्याचं ठरेल तेव्हा ठरेल, तारीख तुम्ही काढा, पण अर्ज एकदाच जातो.

इथलं घर मी लगेच सोडत नाही. आधी महिनाभर राहून बघते. मला पहाटे उठून रेडिओ मोठ्याने लावायची सवय आहे, ती तुम्हाला झेपते का, तेही बघा. ठमी जे बनवून सांगते, ते मी सगळंच खोडणार नाही. त्यातलं काही खऱ्यापेक्षा बरं असेल.

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ खिडकीत उभी होते. रडले, आणि मग भूक लागली. पुष्कळ दिवसांनी लागली.

शनिवारी येते. सकाळी आठची बस धरते, म्हणजे बारापर्यंत पोचेन. त्याला सुट्टी असेल तर थांब्यावर येऊ दे, पण गाडी धुवायला सांगू नकोस. तू मात्र वरच थांब. जिना मी हळूहळू चढेन, लिफ्ट नको. बेल वाजली की दार तू उघड.

तुझी,
आई